ताई सगळं एकत्रच ओततात, मग मी कचरा वेगळा कशाला करू?

पत्र असं आहे, थोडं कापलंय, बाकी जसंच्या तसं (त्यातली ‘स्वच्छ’ म्हणजे पुण्यात दारोदार कचरा घेणाऱ्या कचरावेचकांची संस्था, आणि ‘ताई’ म्हणजे तिथल्या कचरावेचक):

"मावशी, मी मूळची नाशिकची, लग्न होऊन कर्वेनगरला आले. नाशिकला सोप्पं होतं, घंटागाडी यायची, आपण जाऊन टाकून यायचं, विषय संपला. इथे स्वच्छच्या ताई दारात येतात आणि दर महिन्याला घरटी पैसे घेतात. मी इमानदारीत ओला-सुका वेगळा करून देते, आणि परवा खाली गेले तर ताईंनी पार्किंगच्या मागे ताडपत्रीवर सगळं एकत्र ओतलेलं! मग मी कशाला मरमर करायची? त्यात आठ महिन्यांचं बाळ आहे, डायपरवरून ताई मला सगळ्यांसमोर बोलल्या, मला रडूच आलं. सासूबाई एकाच कॅरीबॅगमध्ये सगळं भरून गाठ मारतात, निर्माल्यासकट. आता सोसायटीच्या ग्रुपवर एक काका म्हणतायत की प्रॉपर्टी टॅक्स भरतो मग वेगळे पैसे का, त्यांच्या ओळखीचा एक कॉन्ट्रॅक्टर टेम्पो लावून सगळं एकत्रच उचलेल, निम्म्या पैशात, ताईंना बंद करा. रविवारी मीटिंग आहे, आमची चाळीसेक फ्लॅटची बिल्डिंग, निम्मे लोक काकांच्या बाजूने आहेत. मी काय बोलू? आणि जाता जाता, जुनी गादी, गेलेली ट्यूबलाइट आणि सासऱ्यांची उरलेली औषधं कुठे टाकू? – कचऱ्याने कावलेली"

अगं कावलेले, आधी त्या ताडपत्रीचं बघू कारण तुझा सगळा राग तिथून सुरू झालाय.

तू जे पाहिलंस त्याला एकत्र करणं म्हणत नाहीत, त्याला निवडणं म्हणतात. तुमच्या बिल्डिंगमधे चाळीस घरं, त्यातली समजा पंधरा-वीस घरं तुझ्यासारखी नीट वेगळं करून देत असतील, बाकीच्यांच्या पिशव्या तुझ्या सासूबाईंसारख्या, वर घट्ट गाठ आणि आत वरणभात, अंड्याची टरफलं, कुरिअरचा पुठ्ठा, शॅम्पूची बाटली, सगळं गुण्यागोविंदाने. ती गाठ कुणीतरी सोडावी लागते ना, आणि तशा पिशव्या उघडायच्या तर कुठेतरी ओतावंच लागतं, म्हणून ताडपत्री. तू नेमकी त्या वेळेला खाली गेलीस. अजून थोडा वेळ थांबली असतीस तर दिसलं असतं की बाटल्या एका गोणीत, पुठ्ठा दुसरीकडे, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, आणि जे कुजणारं आहे ते ड्रममधे. उद्या परत जा, मोबाइल न काढता जा (व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायची फार हौस असते लोकांना), आणि सरळ विचार की ताई, माझ्या घरचं कुठे जातं. त्या दाखवतील. बहुतेक वेळा वेगळं दिलेल्या घरांचं त्या ओततच नाहीत, थेट ज्या त्या गोणीत जातं, कारण त्यांनाही वेळ वाचवायचाय, पुढे अजून चार बिल्डिंगा असतात.

आता यातला खरा मुद्दा सांगते जो मला वाटतं तुझ्या काय माझ्या ओळखीतल्या निम्म्या पुणेकरांनाही माहीत नसतो. आपल्याला असं वाटतं की आपण देतो तो कचरा पुढे कुठेतरी एका मोठ्या प्लँटमधे जात असेल आणि तिथे मशीन लावून प्लास्टिक वेगळं, कागद वेगळा होत असेल, म्हणून मग गाडीत एकत्र गेलं काय आणि वेगळं गेलं काय. पुण्यात तसं नाहीये. पुण्यात रिसायकलिंग होतं ते गाडीच्या आधी होतं. त्या ताडपत्रीवरच होतं. ताई जे बाजूला काढतात, पोत्यात भरतात आणि भंगारच्या दुकानात वजनावर विकतात, तेवढंच पुढे गोडाऊनला आणि तिथून कारखान्यात जातं, पुठ्ठ्याचा परत पुठ्ठा होतो, पाण्याच्या बाटलीचे तुकडे होऊन त्याचा पॉलिस्टर धागा निघतो. उरलेलं सगळं त्या ढकलगाडीवरून फिडर पॉइंटला नेतात, म्हणजे ठरलेली जागा जिथे महापालिकेची गाडी येते, तिथून ते कचरा हस्तांतरण केंद्रावर, तिथून मोठ्या गाडीत घालून प्रक्रिया प्रकल्पावर. पुढच्या प्रकल्पांवरही थोडीफार निवड होते, नाही असं नाही, पण कॉम्पॅक्टरमधे भाजीच्या पाण्यात दाबून निघालेल्या पुठ्ठ्याचं तिथे कोण काय करणार. त्यातलं बरंचसं जाळण्यापुरतंच उरतं.

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की तू वेगळं करतेस ते गाडीसाठी नाही करत, ताईंच्या हातासाठी करतेस. समज त्यानंतर गाडीवाल्याने सगळं एकत्र केलं तरी तुझी मेहनत फुकट गेलेली नसते, कारण ज्याचं काही होण्यासारखं होतं ते आधीच निघालेलं असतं, पण एका अटीवर, त्याला आमटी लागलेली नसली पाहिजे. ओल्या पुठ्ठ्याला भंगारवाला भाव पाडतो नाहीतर घेतच नाही. तेलाने माखलेली पिशवी कुणी धुवत बसत नाही. आख्ख्या वेगळं करण्याचं मर्म एवढंच आहे, ओलं सुक्याला लागू द्यायचं नाही. लोक तीन रंगांच्या बादल्या आणतात, स्टिकर लावतात, आणि मग दह्याचा डबा तसाच चिकट सुक्यात टाकतात. त्यापेक्षा एक फुटकी बादली आणि एक पिशवी पुरते, डबा नुसता पाण्याने हलवून, पालथा घालून टाकला तरी खूप झालं.

आता खरं ते पण सांगते, कधीकधी खरोखरच एकत्र होतं. गाडीला हिरवा-निळा असे दोन कप्पे असतात, कागदोपत्री असतात, पण एखाद्या दिवशी गाडीच एक कप्प्याची येते, किंवा आलीच नाही म्हणून दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचा माल एकदम कोंबतात. ते दिसलं तर ताईंवर ओरडून काही होत नाही, गाडी त्यांची नाही, महापालिकेची आहे. त्यासाठी तुमच्या भागाची आरोग्य कोठी कुठे आहे ते शोध, हा शब्द नाशिकच्या माणसाला नवीन वाटेल, कोठी म्हणजे महापालिकेच्या सफाई कामाचं त्या भागातलं ठाणं, पुण्यात प्रत्येक भागात असते, तिथे मुकादम असतो, त्याच्या वर आरोग्य निरीक्षक. एकटीने फोन केलास तर हो बघतो म्हणतील, सोसायटीच्या लेटरहेडवर दिलं तर जास्त बघतील. पीएमसी केअर अ‍ॅपवर फोटो टाकून तक्रार पण करता येते. आणि ताईच दांड्या मारत असतील, पावती देत नसतील, तर ते स्वच्छच्या कोऑर्डिनेटरला सांगायचं, त्याचा नंबर ताईंकडेच मिळतो. कुणाची तक्रार कुणाकडे हे कळलं ना की निम्मी भांडणं होतच नाहीत.

पैशांकडे येऊ, कारण काका तिथेच येणार.

स्वच्छ ही काही कंपनी नाही, आणि महापालिकेचं खातं पण नाही. ती कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे. याच बायका आधी कचराकुंडीत उतरून भंगार वेचायच्या, कुणी चोर म्हणायचं, पोलीस हटकायचे, कुत्री मागे लागायची. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना पुण्यात उभी राहिली, बाबा आढाव त्यात होते, हमाल पंचायतवाले. मग पुढे विचार असा झाला की कुंडीत पडल्यावर वेचायचं त्यापेक्षा दारातूनच का घेऊ नये, म्हणजे माल स्वच्छ मिळेल आणि काम पण मानाचं होईल, त्यातून स्वच्छ निघाली आणि २००८ मधे महापालिकेशी करार झाला. आज तीन हजारांच्या वर सभासद आहेत, बहुतेक बायकाच. या करारात ताईंना महापालिका पगार देत नाही. ढकलगाडी, हातमोजे, साडीवरचा तो कोट वगैरे सामान द्यायचं महापालिकेने (वेळेवर मिळतं का, तो वेगळा विषय, आणि कराराच्या मुदतवाढीवरूनही मधेमधे ओढाताण चालूच असते), आणि ताईंची कमाई म्हणजे घराघरातून येणारं महिन्याचं शुल्क अधिक भंगार विकून मिळतील ते. बस. पगारी सुट्टी नाही, काही नाही.

म्हणून काका म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. मिळकतकरात सफाईपट्टी असते, खरंय, पण ती रस्ते झाडणं, गाड्या, वाहतूक, पुढची विल्हेवाट या सगळ्यात जाते. तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दारातून बादली उचलणाऱ्या बाईपर्यंत ती येत नाही. आणि हे शुल्क काही ताईंनी मनाने काढलेलं नाही, केंद्राचे २०१६ चे घनकचरा नियम आले त्यातच लिहिलं होतं की कचरा करणाऱ्याने वापर शुल्क द्यायचं, वेगळा करून द्यायचा, आणि जाळायचा नाही. काकांना हे सांगताना नियम क्रमांक वगैरे काढून वाचू नकोस, मीटिंगमधे नियम वाचणाऱ्या नव्या सुनेचं काय होतं ते मी पाहिलंय. नुसतं विचार की काका, महिन्याच्या त्या पैशांना रोजाने भागा, किती येतात बघा. तेवढ्यात आपल्याकडे कुणी चहा तरी पाजतं का.

आणि अजून एक गोष्ट, ही जरा कडू आहे, ग्रुपवर टाकू नकोस पण मनात ठेव. तुमच्या बिल्डिंगमधून ताईंना खरं काय मिळतं ते बघ. पेपरची रद्दी आपण घरातच साठवतो आणि रद्दीवाल्याला विकतो. बिअरच्या आख्ख्या बाटल्या, तेलाचे डबे, पितळ-अ‍ॅल्युमिनियम, ते पण आपणच विकतो. ऑनलाइन ऑर्डरचे खोके खाली उतरेपर्यंत वॉचमनकडे जमा होतात, तो विकतो. मग ताईंच्या हातात काय, तर कुरकुऱ्याची पाकिटं, थर्माकोल, चिकट डबे आणि तुझ्या बाळाचे डायपर. वेफर्सच्या पाकिटाला आतून चकचकीत थर असतो, प्लास्टिक आणि धातूचे पापुद्रे एकमेकांना चिकटवलेले, ते सुटे होत नाहीत म्हणून भंगारात त्याला किंमत नाही. थर्माकोल आख्खी गोणी भरला तरी काट्यावर काही दिसत नाही. म्हणजे ज्याला भाव आहे ते आपण ठेवून घेतो, ज्याला नाही ते त्यांना देतो, आणि वर म्हणतो भंगार विकून कमावतातच की, शुल्क कशाला. माझं मत विचारशील तर रद्दी हवी तर विक, ती पिढ्यान् पिढ्यांची सवय आहे, सासूबाईंच्या हातातून ते पैसे काढायला जाऊ नकोस, पण खोके आणि बाटल्या तरी ताईंनाच जाऊ देत आणि वॉचमनशी कमिटीने तसं बोलून ठेवावं. शुल्क परवडत नाही म्हणणाऱ्यांना हा हिशोब एकदा समजला ना की पुढचा वाद बराच खाली येतो.

डायपर. तुला रडू आलं ते समजू शकते, बाळंतपणानंतर झोप नाही, त्यात चारचौघात कुणी बोललं की लागतंच. त्यांनी बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. पण त्यांच्या बाजूने बघ, त्या सुक्याची पिशवी म्हणून हात घालतात, हातमोजा असलाच तर फाटका, आणि आत उघडा डायपर. त्या पिशवीतला बाकी सगळा माल पण मग गेलाच. पुण्यात २०१७ पासून रेड डॉट म्हणून मोहीम चालू आहे, सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळायचे, वर लाल पेनने मोठा ठिपका काढायचा, आणि ओल्या-सुक्याच्या दोन्ही पिशव्यांपासून वेगळे हातात द्यायचे, म्हणजे न उघडता कळतं आत काय आहे. डायपरमधलं शी असेल ते आधी संडासात टाक, मग आतल्या बाजूने घट्ट गुंडाळून त्याच्याच चिकटपट्टीने बंद कर, मग पेपर. पॅडच्या पाकिटात तर गुंडाळायची पिशवी कंपनीनेच द्यायची असा नियम आहे, काही देतात, ती वापर. डायपरचं रिसायकलिंग वगैरे काही होत नाही, तो जाळला जातो नाहीतर पुरला जातो, त्यामुळे दिवसा घरी असताना जमतील तेवढे कापडी लंगोट वापरलेस तर तुझाही खर्च वाचेल, पण त्याचं ओझं घेऊ नकोस, रात्रीची झोप महत्त्वाची. लाल पेन मात्र बाळाच्या कपाटाला दोरीने बांधून ठेव, नाहीतर ते कधी सापडत नाही.

आणि ताईंचं नाव विचारलंयस का गं? विचार. पुढच्या वेळी डायपरवरून काही असेल तर त्या तुला दारातच हळू सांगतील.

सासूबाईंना शिकवायला जाऊ नकोस. ज्या बाईने आयुष्यभर घर चालवलंय तिला ओला म्हणजे काय आणि सुका म्हणजे काय हे कुणी सुनेने सांगितलेलं आवडत नाही, मलाही नसतं आवडलं. त्यापेक्षा गाठच काढून टाक, म्हणजे काय, तर ओल्यासाठी पिशवीच ठेवू नकोस. ओट्याखाली झाकणाची बादली, तळाला वर्तमानपत्र, पिशवी नाही. घरात कॅरीबॅग दिसली नाही की गाठ मारायला काही उरत नाही. सुक्यासाठी गच्चीवर किंवा ड्राय बाल्कनीत एक मोठं पोतं, ते रोज द्यायची पण गरज नाही, वास येत नाही त्याला, दोन दिवसांनी दिलं तरी चालतं. फुटलेली काच, ब्लेड, सुई असलं काही मात्र पोत्यात सुटं टाकू नका कुणीच, जाड कागदात गुंडाळून वर काच असं लिहून हातात द्यायचं, ताईंच्या बोटांवरचे चट्टे बघशील तर लक्षात येईल का ते.

निर्माल्याची फुलं त्यांना कचऱ्यात टाकवत नसतील, बऱ्याच जणींना नाही टाकवत, म्हणूनच तर त्या पिशवीत घालून मुठेच्या पुलावरून टाकायची पद्धत पडली होती आणि नदीचं काय झालं ते दिसतंच आहे. एक भोकं पाडलेली बादली किंवा माठ आण, तळाला नारळाच्या शेंड्या, वर सोसायटीतला वाळका पाला, त्यावर रोजचं निर्माल्य आणि चहाचा चोथा, परत वर पाला. दोरा तेवढा काढून. दीड-दोन महिन्यांत काळं भुसभुशीत खत होतं आणि ते तुळशीला जातं, म्हणजे देवाचं देवाला. सासूबाईंना हे तू सांगण्यापेक्षा त्यांच्याच मैत्रिणीकडून ऐकू दे. मी पैज लावते की महिन्याभरात त्या तुलाच सांगतील केळ्याचं साल कुठे टाकायचं ते.

आता कॉन्ट्रॅक्टर. रविवारी तू त्यावरच बोल, बाकी सगळं सोड. त्याला एकच प्रश्न विचारायचा, एकत्र उचललेला कचरा तू नेऊन टाकतोस कुठे? निम्म्या पैशात टेम्पो, डिझेल, ड्रायव्हर, हमाल हे सगळं भागवून वर त्याला नफा हवाय, मग तो निवडायला माणूस ठेवणार का? नाही ठेवणार. एकतर तो महापालिकेच्याच गाडीत नेऊन रिकामं करणार, म्हणजे फिडर पॉइंटपर्यंतच्या टेम्पोचे पैसे तुम्ही भरताय, नाहीतर रात्री कुठल्यातरी नाल्याच्या कडेला, टेकडीच्या मागे किंवा हायवेच्या बाजूला. ते खोटं वाटत असेल तर सकाळी शहराच्या हद्दीबाहेरच्या कुठल्याही रस्त्याने जाऊन बघा म्हणावं. त्याच्याकडे महापालिकेची परवानगी आहे का, कुठल्या प्रकल्पावर माल देतो त्याची पावती दाखव, हे दोन कागद मागा. ज्याच्याकडे असतील त्याच्याशी बोलायला हरकत नाही, पण जो म्हणतो ‘वेगळं करायची गरजच नाही, द्या सगळं एकत्र’, त्याला कागद नसतात असा माझा अंदाज आहे.

आणि काकांना फुरसुंगी आठवत असेल, पुण्याचे आहेत ते. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या कचरा डेपोत वर्षानुवर्षं आख्ख्या शहराचा एकत्र कचरा जाऊन पडला, त्याचं काळं पाणी जमिनीत मुरलं, तिथल्या विहिरींचं पाणी गेलं, आगी लागल्या, आणि मग गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. एकदा नाही, अनेकदा. २०१४-१५ च्या सुमाराला तर पुण्यात जागोजागी कचरा साठून राहिला होता आणि जो तो नाकाला रुमाल लावून फिरत होता. तेव्हा शहराला कळलं की कचरा ‘तिकडे’ जातो म्हणजे कुणाच्या तरी दारात जातो. शहरात आज दिवसाला दोन हजार टनांच्या वर कचरा होतो आणि त्यातला निम्म्याहून जास्त ओला, म्हणजे ज्याचं खत किंवा गॅस होऊ शकतो असा. तो एकत्र झाला की ना खत ना गॅस, बायोगॅस प्रकल्पात प्लास्टिक गेलं की पाइप तुंबतात, आणि पुण्यातले काही प्रकल्प सुरू तर काही बंद असं जे चालतं त्यामागे हेही एक कारण आहे. काका चांगले असतील, बचतीचंच बघतायत, त्यांना खलनायक करू नकोस. त्यांना कामाला लाव. चाळीस फ्लॅट, घरात चार माणसं धर, माणशी अर्धा किलो, म्हणजे दिवसाला ऐंशी किलोच्या आसपास. शंभर किलोच्या वर गेलं की सोसायटी मोठ्या कचरा उत्पादकांत मोजली जाते आणि ओला कचरा स्वतःच्या आवारातच जिरवण्याची जबाबदारी येते, म्हणजे तुम्ही त्या रेषेच्या खाली आहात पण फार लांब नाही. शिवाय गांडूळखत प्रकल्प, सोलर वॉटर हीटर, पावसाचं पाणी जिरवणं यातलं एक चालू असेल तर पुण्यात मिळकतकरात ५ टक्के सवलत मिळते, दोन असतील तर १०. प्रकल्प खरोखर चालू पाहिजे हां, तपासणीला येतात आणि बंद दिसला तर सवलत काढून घेतात. ज्या काकांना पैसे वाचवायचेत त्यांच्याकडेच खताच्या हौदाची जबाबदारी द्या असं तू गोड आवाजात सुचव. हौद हलवायला ताई पण तयार होतात, वेगळे पैसे ठरवून, आणि त्या बाहेरच्या माणसापेक्षा नीट करतात कारण त्यांना त्यातलं कळतं.

मीटिंगमधे पाच मिनिटांच्या वर बोलू नकोस, आणि जमलं तर ताईंनाच बोलाव. चाळीस घरांचा कचरा रोज बघणारी ती एकटी बाई तिथे असते आणि तिच्याबद्दल तिच्या पाठीमागे ठराव होतात, हे मला कधी पटलेलं नाही. त्या येऊन एवढंच म्हणाल्या ना की दुसऱ्या मजल्यावरचा माल चांगला असतो आणि चौथ्यावर सगळं एकत्र, की बघ चौथा मजला दुसऱ्या दिवसापासून कसा सुधारतो. पुण्यात लाज हे फार चालणारं हत्यार आहे.

राहिलं तुझं जाता जाताचं. औषधं संडासात किंवा बेसिनमधे ओतू नकोस, ती पाण्यात जातात, आणि आख्खी पाकिटं तशीच देऊ नकोस कारण ती कुणी परत विकू शकतं किंवा एखादं पोर खाऊ शकतं. गोळ्या पाकिटातून काढ, पूड न करता चहाच्या चोथ्यात किंवा मातीत कालवून बंद डब्यात घाल आणि त्या लाल ठिपक्याच्या पुडक्यासारखंच वेगळं दे, सांगून दे. इंजेक्शनच्या सुया असतील, सासऱ्यांना शुगर होती का, तर त्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत घालून झाकण लावून जवळच्या दवाखान्यात विचार, बरेच डॉक्टर आपल्या सुयांबरोबर घेतात. जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटमधे पारा असतो, ती फोडून लहान करून देऊ नकोस, बायका नेमकं तेच करतात पिशवीत बसावी म्हणून. आहे त्या पुठ्ठ्याच्या खोळीत आख्खी ठेव, आणि ई-कचऱ्याबरोबर दे, जुने चार्जर, बंद मोबाइल, रिमोट, सेल असं सगळं एका खोक्यात साठवत जा, शहरात अधूनमधून ई-कचरा संकलनाच्या मोहिमा असतात आणि स्वच्छचंही जुन्या वस्तू घ्यायचं वेगळं काम चालतं, त्याची तारीख कोऑर्डिनेटर सांगेल.

गादीचं म्हणशील तर ताईंच्या ढकलगाडीवर ती बसत नाही आणि रोजच्या शुल्कात येतही नाही, आधी विचारून वेगळे पैसे ठरवावे लागतात. कापसाची असेल तर मात्र पिंजाऱ्याला हाक मार, अजून फिरतात ते सिंहगड रोडला आणि कर्वेनगरला, कापूस पिंजून नवीन करून देईल आणि बाळाला दोन छोट्या गाद्या निघतील त्यातून. फोमची असेल तर काही इलाज नाही, पैसे देऊनच काढावी लागेल, फक्त रात्री अकराला नवऱ्याला पाठवून कालव्याच्या कडेला ठेवून येऊ नका, तुमच्याच बिल्डिंगच्या सीसीटीव्हीत दिसतं ते.